हेडरेस्ट (मोटारगाडी)

हेडरेस्ट म्हणजे मोटारगाडीच्या आसनाच्या वरच्या टोकाला, बसणाऱ्याच्या डोक्यामागे बसविलेला गादीचा आधार होय. नावावरून हा भाग डोके टेकून विसावा घेण्यासाठी असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे मुख्य कार्य सुरक्षिततेचे आहे. गाडीला मागून धडक बसली असता डोके एकाएकी मागे फेकले जाऊन मानेला इजा होऊ नये, म्हणून तो बसविलेला असतो.

२०१० च्या सुमारास व त्यानंतर तयार झालेल्या अनेक गाड्यांतील हेडरेस्ट पूर्वीच्या मानाने अधिक उंच व अधिक पुढे आलेले आहेत. त्यामुळे डोके पुढे ढकलले जाते, मान अवघडते, लांबच्या प्रवासानंतर खांदे भरून येतात, अशा तक्रारी चालक आणि प्रवासी करतात. या त्रासाला कंटाळून काहीजण हेडरेस्ट उलटा बसवितात किंवा काढूनच टाकतात. असे केल्याने रोजची गैरसोय टळते. परंतु अपघाताच्या वेळी मानेचे रक्षण करणारे साधन नाहीसे होते. बहुतेक वेळा या त्रासाचे मूळ हेडरेस्टपेक्षा आसनाच्या पाठीचा कोन आणि बसण्याची ढब यांत असते, आणि उपायही तेथेच सापडतो.

नाव

मराठीत या भागाला सर्रास ‘हेडरेस्ट’ असेच म्हटले जाते. वाहनविषयक नियमांत व तांत्रिक लेखनात मात्र ‘हेड रिस्ट्रेंट’ अशी संज्ञा आढळते. ‘रेस्ट’ म्हणजे विसावा, तर ‘रिस्ट्रेंट’ म्हणजे आवर किंवा अटकाव. डोक्याला मागे जाण्यापासून आवरणारे साधन, असा या संज्ञेचा अर्थ होतो. विसाव्याची वस्तू मऊ व सोयीची असावी अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. आवर घालणारी वस्तू डोक्याच्या जवळ आणि भक्कम असावी लागते. हेडरेस्टविषयीच्या बऱ्याचशा तक्रारी या दोन अपेक्षांच्या ओढाताणीतून उद्भवतात.

इतिहास

मोटारीच्या आसनाला डोक्याचा आधार जोडण्याच्या कल्पनेवर अमेरिकेत १९२० च्या दशकातच पेटंट घेण्यात आले होते. तथापि, त्यानंतर कित्येक दशके बहुतेक गाड्यांची आसने खांद्यांपर्यंतच उंच असत.

मागून बसणाऱ्या धडकेने मानेला होणाऱ्या इजेला ‘व्हिप्लॅश’ असे म्हणतात. व्हिप्लॅश म्हणजे आसुडाचा फटकारा. आसूड उगारला असता दांडा आधी हलतो आणि वादीचे टोक मागाहून झटक्याने फिरते. धडकेच्या वेळी धड आणि डोके यांची गत तशीच होते. अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञ हॅरॉल्ड क्रो यांनी १९२८ मध्ये मानेच्या दुखापतीच्या संदर्भात हा शब्द प्रथम वापरला, असे मानले जाते. १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेरविन सेव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मागून धडकेचे नियंत्रित प्रयोग केले. धडक बसलेल्या गाडीला जेवढा त्वरण मिळतो, त्याहून मोठा त्वरण डोक्याला मिळतो आणि तो काहीसा उशिराने मिळतो, असे त्यांना दिसून आले.

अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून प्रवासी मोटारींच्या पुढील दोन्ही बाजूंच्या आसनांना हेडरेस्ट सक्तीचा करण्यात आला. त्याची उंची बैठकीच्या संदर्भबिंदूपासून किमान २७.५ इंच, म्हणजे सुमारे ७०० मिलिमीटर असावी, अशी अट होती. डोक्यापासून तो किती अंतरावर असावा, याविषयी त्या नियमात काहीही सांगितलेले नव्हते.

या नियमाचा परिणाम अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १९८२ मध्ये तपासला. मागून धडक बसलेल्या अपघातांत, आसनाशी एकसंध असलेल्या हेडरेस्टमुळे इजांचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी, तर खालीवर करता येणाऱ्या हेडरेस्टमुळे सुमारे १० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. या फरकाचे मुख्य कारण साधे होते. खालीवर होणारे हेडरेस्ट बहुसंख्य लोक सर्वांत खालच्या स्थितीतच ठेवीत असत. साधन हाताशी असूनही ते आपल्या उंचीनुसार बसवून न घेतल्याने त्याचा लाभ कमी झाला.

पुढील संशोधनातून उंचीइतकेच डोके व हेडरेस्ट यांमधील अंतरही महत्त्वाचे असल्याचे स्पष्ट झाले. त्यानुसार अमेरिकेने डिसेंबर २००४ मध्ये सुधारित नियम प्रसिद्ध केला व तो २००९ नंतर टप्प्याटप्प्याने अमलात आणला. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली १९९८ च्या करारानुसार हेडरेस्टविषयीचा जागतिक तांत्रिक नियम क्रमांक ७ हा २००८ मध्ये संमत झाला. भारत या कराराचा सदस्य आहे.

कार्य

उभ्या असलेल्या गाडीला मागून दुसरे वाहन धडकले, तर गाडी आणि तिच्यासोबत आसन एकदम पुढे ढकलले जाते. आसनाची पाठ बसलेल्या माणसाच्या धडाला पुढे लोटते. डोक्यामागे मात्र काहीच नसेल, तर जडत्वामुळे ते क्षणभर जागच्या जागी राहते. प्रौढ माणसाच्या डोक्याचे वस्तुमान साधारण साडेचार ते पाच किलोग्रॅम असते, आणि ते मानेच्या सात मणक्यांवर तोललेले असते. धड पुढे गेले व डोके मागे राहिले की मध्ये सापडलेल्या मानेला प्रथम इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा बाक येतो. या अवस्थेत खालचे मणके मागे, तर वरचे पुढे वाकतात. त्यानंतर संपूर्ण मान मागे ताणली जाते आणि शेवटी डोके उसळून पुढे येते.

हा सर्व प्रकार सेकंदाच्या काही दशांशांत आटोपतो. धोक्याची जाणीव होऊन स्नायू आवळले जाण्याआधीच मानेला झटका बसलेला असतो. म्हणून प्रसंगावधानाचा येथे उपयोग होत नाही. डोक्याला लगेच मागून आधार मिळाला, तर डोके आणि धड जवळजवळ एकाच वेळी पुढे जातात व मान वाकण्याचे प्रमाण घटते. डोके आणि हेडरेस्ट यांमधील अंतर जेवढे जास्त, तेवढा वेळ मान निराधार राहते.

सिग्नलजवळ किंवा टोलनाक्यावर थांबलेल्या गाडीला मागून बसलेली धडक बहुधा कमी वेगाची असते. गाडीचे नुकसान किरकोळ दिसते. तरीही मानदुखी, मान आखडणे, डोकेदुखी, चक्कर, हाताला मुंग्या येणे ही लक्षणे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होऊ शकतात. क्ष-किरण तपासणीत अनेकदा काहीही दिसत नाही. कॅनडातील क्वेबेक येथील तज्ज्ञगटाने १९९५ मध्ये या विकाराची ० ते ४ अशी श्रेणी ठरविली. त्यात शून्य म्हणजे कोणतीही तक्रार नसणे आणि चार म्हणजे मणका मोडणे किंवा निखळणे होय. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत अथवा महिन्यांत बरे होतात. काहींचे दुखणे मात्र वर्षानुवर्षे टिकते.

उंची आणि अंतर

हेडरेस्टची उपयुक्तता मुख्यतः दोन मापांवर अवलंबून असते. पहिले माप उंचीचे. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याच्या पातळीत, निदान कानांच्या वरच्या टोकाच्या खाली नाही, असा असावा. तो मानेपर्यंतच पोहोचत असेल, तर धडकेच्या वेळी टेकूसारखा होऊन डोके त्यावरून मागे वळू शकते. दुसरे माप डोक्याचा मागचा भाग आणि हेडरेस्ट यांमधील आडव्या अंतराचे.

अमेरिकेच्या सुधारित नियमानुसार पुढील आसनांचा हेडरेस्ट ८०० मिलिमीटर उंचीपर्यंत पोहोचला पाहिजे आणि खालच्या स्थितीतही तो ७५० मिलिमीटरहून खाली असता कामा नये. डोक्यापासूनचे अंतर ५५ मिलिमीटरहून अधिक नसावे. विमा कंपन्यांशी संलग्न संशोधन संस्थांच्या मूल्यांकनात अंतर ७ सेंटीमीटरपर्यंत आणि हेडरेस्टचा वरचा काठ माथ्यापासून फार तर ६ सेंटीमीटर खाली असल्यास ‘उत्तम’ ही श्रेणी दिली जाते.

अस्वस्थतेची कारणे

वरील ५५ मिलिमीटरचे अंतर एका ठरावीक मापनयंत्राच्या साहाय्याने मोजतात. हे यंत्र सरासरी बांध्याच्या प्रौढ पुरुषाचे प्रतिनिधित्व करते, आणि मोजताना धडाचा मागील बाजूस कल साधारण २५ अंश ठेवलेला असतो. ज्याची शरीरयष्टी वा बसण्याची ढब यांहून निराळी आहे, त्याच्या बाबतीत कागदावर असलेले अंतर प्रत्यक्षात शिल्लक राहत नाही.

यातील सर्वांत सामान्य कारण म्हणजे ताठ बसणे होय. आसनाची पाठ एका अंशाने उभी केली, तर बैठकीपासून सुमारे ७० सेंटीमीटर उंचीवर असलेला हेडरेस्ट जवळजवळ सव्वा सेंटीमीटर पुढे सरकतो. धडही त्यासोबत पुढे येते. परंतु नजर रस्त्यावर सरळ ठेवायची असल्याने मनुष्य डोके धडाच्या तुलनेने मागे नेतो, आणि तेथे ते हेडरेस्टला अडते. पाठ चार-पाच अंशांनी उभी असली तरी मोजमापातील मोकळी जागा संपुष्टात येऊ शकते. ज्यांची उंची कमी आहे, ते स्टिअरिंग व पेडलपर्यंत पोहोचण्यासाठी आसन पुढे घेतात व पाठ उभी ठेवतात. म्हणून त्यांना हा त्रास अधिक जाणवतो.

दुसरे कारण शरीररचनेचे आहे. वाढत्या वयात पाठीला पोक आलेल्या व्यक्तीचे डोके मुळातच पुढे असते. तिला हेडरेस्ट फारसा टोचत नाही, पण डोक्यामागचे अंतर वाढलेले राहते. उलट ज्यांची पाठ सरळ आहे, त्यांचे डोके आसनाच्या पाठीच्या अगदी वर येते आणि हेडरेस्ट त्याला पुढे लोटतो. डोके सतत पुढे राहिले की ते तोलून धरण्यासाठी मानेच्या मागच्या स्नायूंना सारखे ताणलेले राहावे लागते. लांबच्या प्रवासात मान आणि खांदे दुखतात ते यामुळे.

तिसरे कारण केशभूषेचे. अंबाडा, जाड वेणी, गजरा, केसांचा मोठा चिमटा, फेटा किंवा पगडी यांना मागे काही सेंटीमीटर जागा लागते. मोजमापाच्या यंत्राला केस नसतात. पाच सेंटीमीटर अंतराच्या हिशेबात अंबाड्यासाठी वेगळी जागा धरलेली नाही.

चौथे कारण आसनाच्या आकाराचे. आसनाची पाठ मध्यभागी खोलगट असेल किंवा कमरेचा आधार अपुरा असेल, तर धड मागे रुतते. हेडरेस्ट मात्र जागेवरच असल्याने तो पुढे आल्यासारखा भासतो.

गैरसोय कमी करण्याचे उपाय

हेडरेस्टला हात लावण्यापूर्वी बैठक व्यवस्थित लावणे हा पहिला उपाय आहे. त्याचा क्रम पुढीलप्रमाणे असावा.

१. कंबर आसनाच्या पाठीला पूर्ण टेकवून बसावे. कंबर पुढे घसरलेली असल्यास धडाचा कोन आणि डोक्याची जागा दोन्ही बदलतात.

२. आसन पुढे-मागे व खालीवर करून पेडल सहज दाबता येतील असे बसावे. चालकाच्या छातीचे हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटीमीटर अंतर ठेवावे. एअरबॅग उघडण्यासाठी एवढी जागा आवश्यक समजली जाते.

३. आसनाची पाठ एकेक खाच मागे घ्यावी आणि दर वेळी डोक्यामागची जागा तपासावी. बहुतेकदा एक-दोन खाचांतच फरक जाणवतो. पाठ फार मागे घेतल्यास हात स्टिअरिंगपर्यंत नीट पोहोचत नाहीत, सीटबेल्ट खांद्यापासून दूर जातो आणि हेडरेस्टचे अंतरही अवाजवी वाढते.

४. कमरेचा आधार कमी-जास्त करण्याची सोय असल्यास ती वापरावी. तशी सोय नसल्यास पाठीमागे पातळ, न सरकणारी गादी ठेवल्याने धड किंचित पुढे येते आणि डोक्याला जागा मिळते. जाड उशी मात्र ठेवू नये. आसनाच्या कडेत एअरबॅग असलेल्या गाड्यांत तिच्या वाटेत येईल अशी गादी किंवा कव्हर वापरू नये.

५. यानंतर हेडरेस्टची उंची लावावी. फुगीर भाग मानेच्या खळग्यात येत असेल, तर त्रास अधिक होतो. हेडरेस्ट वर घेतल्यास तो डोक्याच्या मागच्या गोलाईवर येतो आणि अनेकांना तेवढ्यानेच बरे वाटते. काही गाड्यांत हेडरेस्ट पुढे-मागे कलवता येतो. ही सोय वाहनाच्या माहितीपुस्तिकेत पाहावी, कारण ती पुष्कळदा लक्षात आलेली नसते.

६. प्रवासात अंबाडा मानेलगत खाली किंवा डोक्यावर उंच बांधावा, अथवा वेणी एका खांद्यावरून पुढे घ्यावी.

एकाच गाडीचे अनेक चालक असल्यास प्रत्येकाने गाडी सुरू करण्यापूर्वी आसनाबरोबर हेडरेस्टही लावून घ्यावा. नवी गाडी घेताना दोन-चार मिनिटे बसून पाहणे पुरेसे नसते. नेहमीची ढब, नेहमीचे केस आणि नेहमीचा चष्मा यांसह, निदान अर्धा तास गाडी चालवून पाहणे योग्य ठरते. जी माणसे ती गाडी चालविणार आहेत त्या सर्वांनी तसे पाहावे.

टाळावयाच्या गोष्टी

हेडरेस्ट उलटा बसविणे हा लोकप्रिय परंतु धोकादायक उपाय आहे. त्यामुळे डोक्यामागचे अंतर वाढते. शिवाय उंची पक्की करणाऱ्या खाचा सामान्यतः एकाच दांड्यावर असतात. उलट बाजूने बसविल्यास त्या कडीत अडकत नाहीत आणि धडकेच्या वेळी हेडरेस्ट खाली घसरू शकतो.

हेडरेस्ट काढून गाडी चालविणे म्हणजे १९६० च्या दशकापूर्वीच्या आसनावर बसण्यासारखेच होय. दांडे वाकवून हेडरेस्ट मागे ढकलणेही तितकेच अयोग्य, कारण वाकविलेल्या धातूची ताकद तपासलेली नसते. हेडरेस्टला बाहेरून बांधल्या जाणाऱ्या जाड उशा डोके आणखी पुढे ढकलतात. सर्व उपाय करूनही त्रास कायम असेल, तर उत्पादकाच्या अधिकृत केंद्रात दुसऱ्या प्रकारचे आसन किंवा हेडरेस्ट उपलब्ध आहे का, याची चौकशी करावी. मणक्याचा विकार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मागील आसने

अनेक गाड्यांत मागील आसनांचे हेडरेस्ट पाठीवर बसते होतील अशा आकाराचे असतात, जेणेकरून चालकाला आरशातून मागचा रस्ता दिसावा. अशा खाली ढकललेल्या हेडरेस्टसमोर बसल्यास तो खांद्यांना वा पाठीला टोचतो. येथील अस्वस्थता हेतुपुरस्सर असते. हेडरेस्ट वापराच्या स्थितीत नाही, तो वर ओढावा, अशी ती सूचना असते. मागे कोणी बसताच हेडरेस्ट वर घेणे हा त्यावरील उपाय होय.

लहान मुलांचे पुढे तोंड असलेले आसन बसविताना मागील हेडरेस्ट आड येत असेल, तर माहितीपुस्तिकेत सांगितल्यास तो तात्पुरता काढता येतो. मुलाचे आसन काढल्यावर हेडरेस्ट पुन्हा जागेवर बसविणे आवश्यक असते.

सुधारित रचना

हेडरेस्ट नेहमी डोक्याला चिकटून ठेवण्याऐवजी धडकेच्या क्षणी तो जवळ आणावा, या विचारातून सक्रिय हेडरेस्ट निर्माण झाले. स्वीडनच्या साब कंपनीने १९९७ मध्ये सादर केलेल्या ९-५ या गाडीत अशी रचना होती. धडकेच्या वेळी शरीराचा भार आसनाच्या पाठीतील तरफेवर पडे आणि हेडरेस्ट वर व पुढे सरके. व्होल्व्हो कंपनीने १९९८ मध्ये एस८० या गाडीत निराळा मार्ग अवलंबिला. त्यात आसनाची पाठच शरीरासह नियंत्रितपणे मागे सरकून झटका शोषून घेते. अशा रचनांमुळे एरवी डोक्यामागे अधिक जागा ठेवणे शक्य होते. त्या खर्चिक व गुंतागुंतीच्या असल्याने पुष्कळ उत्पादकांनी स्थिर हेडरेस्टच डोक्याजवळ आणणे पसंत केले. आजच्या अनेक गाड्यांतील गैरसोय हा या निवडीचा परिणाम आहे.

भारतात वाहनांच्या प्रमाणीकरण चाचण्या करणाऱ्या संस्थांमध्ये पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था प्रमुख आहे.

गैरसमज

गाडी पाण्यात बुडाल्यास किंवा दरवाजे अडकल्यास काच फोडता यावी म्हणून हेडरेस्ट काढता येण्याजोगा केलेला असतो, असा समज प्रचलित आहे. तो बरोबर नाही. उंची लावणे, स्वच्छता, आसन दुमडणे आणि मुलांचे आसन बसविणे यांसाठी ही सोय असते. त्याच्या दांड्याने बाजूची कडक काच फुटू शकते. मात्र दोन थरांत चिकटविलेली काच तशी फुटत नाही. त्या कामासाठी काच फोडण्याची छोटी हातोडी हाताशी ठेवणे अधिक विश्वसनीय होय.

टीका

हेडरेस्टच्या मोजमापावरील मुख्य आक्षेप असा की, ते एका सरासरी पुरुषदेहावर बेतलेले आहे. मागून धडकेच्या चाचण्यांत दीर्घकाळ वापरला गेलेला ‘बायोरिड’ हा पुतळाही सरासरी पुरुषाच्या आकाराचा आहे. प्रत्यक्षात व्हिप्लॅशचा धोका स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक असल्याचे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. स्वीडनच्या राष्ट्रीय रस्ते व वाहतूक संशोधन संस्थेतील अ‍ॅस्ट्रिड लिंडर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला सरासरी स्त्रीच्या बांध्याचा चाचणी-पुतळा २०२२ मध्ये पुढे आला. त्याची उंची १६२ सेंटीमीटर आणि वजन ६२ किलोग्रॅम आहे. ज्यांना हा धोका अधिक आहे त्या स्त्रियांनाच, कमी उंची आणि केशरचना यांमुळे, हेडरेस्टची गैरसोयही अधिक सोसावी लागते, आणि म्हणून तो काढून टाकण्याचा मोहही त्यांनाच अधिक होण्याची शक्यता असते. निरनिराळ्या बांध्यांच्या माणसांना सुसह्य वाटेल असा हेडरेस्ट तयार करणे हा त्यामुळे सोयीइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो. कारण जो हेडरेस्ट लोक उलटा बसवितात किंवा काढून ठेवतात, तो चाचणीत कितीही उत्तम ठरलेला असला तरी अपघातात उपयोगी पडत नाही.